अर्चनाची एकच फाईल

शाळेत मी मुलांना चाचणीचे पेपर वाटत होते, तेव्हा धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, अर्चना गेली," एवढंच बोलले. ताप उतरत नाही म्हणून तिला पुण्याला हलवलं होतं. पण ती बरी होऊन घरी येणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो...

अर्चना माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्या गावी, खोडदला आली तेव्हा तिची नोकरी पुण्याच्या कंपनीत होती, पण काम घरूनच. माडीवरच्या खोलीत तिनं टेबल मांडलं आणि त्यावर तळहाताएवढी यंत्रं. त्यांत लिनक्स नावाची सिस्टीम चालते आणि ही त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, हे मला हळूहळू कळलं. सासूबाई पावण्यांना सांगायच्या, "धाकटी रेडिव दुरुस्त करती." अर्चनानं ते कधी खोडून काढलं नाही.

घोडेगावच्या वरच्या डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रातल्या लशींच्या फ्रिजला तिचं यंत्र लावलेलं होतं. आतलं तापमान वाढलं की ते वाजायचं. एकदा कंपनीच्या माणसानं यंत्रातली सिस्टीम बदलली आणि अर्चनाचा प्रोग्रॅम सुरूच झाला नाही. तो ज्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहाच्या, आधारानं चालायचा, ती नव्या सिस्टीममध्ये नव्हती. वीज गेली, फ्रिज तापला, तरी बॅटरीवरचं यंत्र गप्प. सिस्टरांच्या वेळीच लक्षात आलं, त्यांनी सगळ्या लशी बाद केल्या. कुणा बाळाला काही झालं नाही, पण वाड्यावस्त्यांवरून चालत आलेल्या बाया लेकरं घेऊन तशाच परत गेल्या. हे कळल्यावर त्या दिवशी अर्चना जेवायलाही खाली आली नाही.

मग तिनं ठरवलं, प्रोग्रॅमला लागणारं सगळं एकाच फाईलमध्ये बांधायचं. यंत्रात दुसरं काही असो नसो. कंपनीतले साहेब म्हणाले, एवढी मोठी फाईल यंत्रात मावणार नाही. ती मोठ्या लायब्ररीऐवजी लहान लायब्ररी घेऊन पुन्हा पुन्हा बांधत राहिली. फाईल मावली, त्या दिवशी खाली येऊन माझ्याबरोबर कांदे निवडत बसली. चेहऱ्यावरूनच कळलं मला.

नवी फाईल उपकेंद्रातल्या यंत्रात बसवायला ती स्वतः गेली, सोबतीला मी. सिस्टरांनी विचारलं, "ताई, हितं रेंज नाय. तरी वाजंल ना?"

"वाजंल," अर्चना म्हणाली, आणि तापमान मोजणारी तार फ्रिजमधून काढून तिनं मुठीत धरली. आम्ही तिघी वाट बघत बसलो. तिच्या मुठीच्या उबेनं यंत्र वाजलं तेव्हा सिस्टर आधी दचकल्या, मग हसल्या.

परवा तिचं काम पुढं नेणारे सहकारी आले. वर तिच्या टेबलाशी बसले, स्वतःच्या लॅपटॉपवर तिचा प्रोग्रॅम बांधून पाहिला आणि लगेच खाली आले. म्हणाले, "काही विचारायची गरजच पडली नाही. त्यांनी सगळं नीट ठेवलंय." चहाला अजून उकळीही फुटली नव्हती. मला वाटलं, काहीतरी अडायला हवं होतं... त्या खोलीत कुणीतरी थोडा वेळ बसायला हवं होतं.

ते गेल्यावर मी चहा घेऊन वर गेले आणि तिच्या खुर्चीत बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. समोरच्या खिडकीतून खाली, मी कांदे निवडत बसते ते आमच्या स्वयंपाकघराचं दार थेट दिसतं, हे मला माहीतच नव्हतं.