‘डॉक्टर नाही’ एवढंच सांगायचं होतं

बारावीनंतर माझ्यासमोर दोन जागा होत्या, दोन्ही नाशिकलाच. एक बी.एस्सी. नर्सिंगची. त्यात पुढे अनुभव घेऊन, आणखी शिकून नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे काही उपचार स्वतः ठरवू शकणारी नर्स, होता येतं. दुसरी फिजिशियन असिस्टंटची. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासायचे, रिपोर्ट बघायचे, ऑपरेशनला मदतीला उभं राहायचं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. शनिवारपर्यंत ठरवायचं होतं. मनातून मला दुसरी जागा हवी होती.

आमच्या सटाण्याकडचा एक ओळखीचा मुलगा नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात फिजिशियन असिस्टंट होता. आबा, म्हणजे माझे वडील, मला त्याच्याकडे घेऊन गेले. आम्ही वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलो. तो एका आजोबांना तपासून बाहेर आला, तर त्यांच्या सुनेने त्याला गाठलं.

"डॉक्टर, घरी कधी सोडणार?"

"ताई, मी डॉक्टर नाही, त्यांचा असिस्टंट आहे. सर राउंडला आले की सांगतील."

"मग आत्ता तपासलं ते काय होतं?"

"तेही खरंच होतं," तो हसून म्हणाला.

असं रोज सांगावं लागतं का, हे मी त्याला विचारलं. "सांगावंच लागतं. नाहीतर लोक माझ्याच भरवशावर बसतील."

परत जाताना आम्ही द्वारकेला गाडीची वाट बघत होतो. तिथे आबांना गावातले एक काका भेटले. आबा त्यांना म्हणाले, "हाई मनी पोर. डाक्टर व्हई ऱ्हायनी."

"आरे वा! मंग मना गुडघा फुकटमा देखजो व माय!"

मी नुसती हसले. डॉक्टर नाही, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. आबांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

गाडीत बसल्यावर मी ठरवलं. एका माणसाला जे सांगता आलं नाही, ते रोज नव्या माणसाला कसं सांगणार? नर्सिंगमध्ये हा घोळ नाही. शनिवारी मी नर्सिंगला प्रवेश घेतला. आबांनी एकदाच विचारलं, "ते दुसरं का नको?" मी म्हणाले, "इथे पुढे वाव आहे." ते खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतं.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी गेले, तेव्हा तेच काका गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले. आबा म्हणाले, "दखाडा ना, पोर डाक्टर शे."

"आबा, मी डॉक्टर नाही. नर्सिंग शिकते," मी म्हणाले. "काका, हा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा."

काकांनी आबांकडे बघितलं. आबा थोडा वेळ ओट्यावरची माती पायाने सारत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पण फोटो तुला समजतो का?"

"थोडा."

"मंग देख ना. थोडा तर थोडा," आबा म्हणाले.

काकांनी एक्स-रे उजेडात धरला. आई चहा घेऊन आली.

बोलायला काहीच अवघड गेलं नव्हतं. नाशिकला परत येताना गाडीत मला तेच आठवत राहिलं, आणि दुसरी जागा सोडली तो शनिवारही.