एक लँडिंग द्या

करोना येईपर्यंत वैमानिकांचे मला फोन यायचे ते उड्डाण टाळण्यासाठी. मुलीचा डान्स आहे, पाठ धरलीय, लांबच्या फ्लाइटऐवजी मस्कत द्या ना. दुबईतल्या एका विमान कंपनीत मी रोस्टर लावायचे. कोणत्या विमानावर कोण जाणार हे आमची टीम ठरवायची, त्यामुळे लोकांची नाराजी अंगवळणी पडली होती. पण "मला पाठवा, प्लीज पाठवा" म्हणताना एखाद्या कॅप्टनचा आवाज कापरा होईल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मार्चमध्ये प्रवासी उड्डाणं बंद झाली. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कंपनीचा लॅपटॉप मांडून मी बसायचे. एरवी स्क्रीनभर रंगीत पट्ट्या असायच्या, एक पट्टी म्हणजे एक उड्डाण. आता सगळं पांढरं. मधूनच एखादी पट्टी दिसे, ती मालवाहतुकीची. प्रवासी विमानांच्या सीटांवर मास्कचे आणि औषधांचे खोके बांधून आम्ही विमानं पाठवत होतो, कारण उभ्या विमानावरही खर्च होतच असतो. बाकीची विमानं इंजिनांना कव्हरं घालून वाळवंटातल्या धावपट्टीजवळ ओळीने उभी होती. त्यांचे फोटो ग्रुपवर आले की मी ते लगेच डिलीट करायचे.

नवरा तेव्हा अमिरातीच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, फुजैराला अडकला होता. दोन हजार आठच्या मंदीआधी तो दुबईत एका बिल्डरकडे इंजिनिअर होता. क्रेन थांबल्या तशी त्याची नोकरी गेली, आणि बऱ्याच महिन्यांनी फुजैराच्या बंदरात काम मिळालं. तेव्हापासून तो तिकडे राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्या दिवसांत माझ्या नोकरीवर आम्ही इथे टिकलो होतो. म्हणून आता तो व्हिडिओ कॉलवर फारसं काही विचारायचा नाही. जेवलीस का, एवढंच. त्याचं ते न विचारणंच मला जास्त घाबरवायचं.

मुलगी मात्र सरळ विचारायची. ऑनलाइन शाळेचा हेडफोन काढून एकदा म्हणाली, "आई, आर यू गेटिंग फायर्ड?"

"नाही गं. काम आहे ना मला."

"बट देअर आर नो प्लेन्स."

मी हेडफोन परत तिच्या कानांवर चढवला.

अशाच एका सकाळी ओळखीच्या एका कॅप्टनचा फोन आला. मूळचे पुण्याचे, इथे करामात आमच्या गल्लीच्या मागेच राहायचे. ऑफिसात मी त्यांना कॅप्टन म्हणायचे, घरी दादा. त्यांची बायको आणि मी गणपतीत एकत्र मोदक करायचो.

"वहिनी, एक लँडिंग द्या," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माझी मुदत संपतेय."

मला लगेच कळलं. ठरावीक काळात ठरावीक टेकऑफ आणि लँडिंग झाली नाहीत, तर वैमानिकाला कंपनीचं विमान उडवता येत नाही. मग सिम्युलेटरवर, म्हणजे नकली कॉकपिटमध्ये, जाऊन ते पूर्ण करावं लागतं, आणि आमच्या सिम्युलेटरला भली मोठी रांग लागली होती. माणसं कमी करणार अशी कुजबुज सगळीकडे होती. ज्याची मुदत गेली, तो आधी जाणार, असं प्रत्येक वैमानिकाने मनाशी धरलं होतं.

"दादा, ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी, असंच लावतेय मी. तुमचा नंबर जवळ आलाय. पण मधे कोणाला टाकता येणार नाही."

"मधे टाका कुठे म्हणतोय?" ते पटकन म्हणाले. मग थांबून, "नाही, तेच म्हणत होतो. सॉरी."

दोन दिवसांनी त्यांचा नंबर खरंच आला. नैरोबीला औषधं न्यायची होती, तिथून फुलं आणायची होती. मी रोस्टर प्रसिद्ध केलं त्याच संध्याकाळी त्यांच्या बायकोचा मेसेज आला: ह्यांनी आज स्वतः युनिफॉर्मला इस्त्री केली.

त्या दिवशी स्क्रीनवरून माझी नजर हलत नव्हती. क्रू विमानात बसला. माल चढला. मग पट्टी जागच्या जागी थांबली. मी ऑपरेशन्सला फोन केला. तिकडच्या माणसाने दमलेल्या आवाजात सांगितलं, "नैरोबीची परमिशन कॅन्सल. खलास."

पट्टी पुसली गेली. मी पुढच्या प्रत्येक उड्डाणात शोधलं, पण त्यांच्या मुदतीच्या आत काहीच बसत नव्हतं. संध्याकाळी मीच त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"इंजिन सुरू करायची वाट बघत होतो," ते म्हणाले. "तुमचा काय दोष, वहिनी." आवाज अगदी शांत होता.

जूनमध्ये माणसं कमी करायला सुरुवात झाली. कॅप्टन पहिल्याच फेरीत गेले. मुदतीमुळे की वयामुळे की पगारामुळे, कोणी सांगितलं नाही. माझी टीमही निम्मी झाली. मला मॅनेजरने व्हिडिओवर बोलावलं तेव्हा मुलीला मी आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. मॅनेजर इजिप्तचा, सज्जन माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही राहताय. पगार कमी होईल. पण सेफ आहात, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाच्या आधी तो किंचित थांबला होता. पुढचं वर्षभर मी त्या थांबण्याचा अर्थ लावत बसले.

पुण्याला परत निघण्याआधी कॅप्टन आणि त्यांची बायको निरोप घ्यायला आले. मास्क लावून जिन्यातच उभे राहिले. आत या म्हणायची सोय नव्हती. तिने माझ्या हातात मोदकांचा साचा ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"आमच्या विमानावर कोण आहे?" कॅप्टननी विचारलं. ते प्रवासी म्हणून जात होते, लोकांना मायदेशी नेणाऱ्या आमच्याच कंपनीच्या खास विमानाने. रोस्टर मीच लावलं होतं. मी नाव सांगितलं.

"माझ्याबरोबर ट्रेनिंग झालंय त्याचं. छान उतरवतो," ते म्हणाले, आणि लिफ्टकडे वळले.

दोनेक वर्षांनी विमानं परत जोरात उडायला लागल्यावर कंपनीला एकदम वैमानिक कमी पडले. काढलेल्यांना परत बोलवायचं ठरलं. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यांत आधी पुण्याला लावला. पुन्हा ट्रेनिंग, तीच श्रेणी, सगळं उत्साहाने सांगितलं.

ते एवढंच म्हणाले, "घरी बोलून कळवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "नको, वहिनी. उडायला आवडेल हो. पण रोज सकाळी उठून, आज काय होईल, असं आता नाही जमणार. ही तर तिकडचं नाव काढलं तरी गप्प होते."

मी बरं म्हटलं. नवरा त्या दिवशी घरी होता. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "शहाणा माणूस आहे."

"मग आपण काय आहोत?" मी विचारलं.

तो हसला नाही. मुलगी कॉलेजच्या अर्जांसाठी हाका मारत होती, तसा उठून तिच्याकडे गेला. मी पुढच्या वैमानिकाचा नंबर फिरवला.