इंटरनॅशनल बेडूक

आमच्या यांचं डोकं खाडीत कधी भिजलं नाही. तासभर पोहून आले तरी भांग जसाच्या तसा, कानावर खोचलेली पेन्सिल जशीच्या तशी, आणि तोंड तर काय, चालूच. बेडकासारखे हातपाय मारायचे, हनुवटी पाण्याला टेकवायची आणि काठावरच्या माणसाशी गप्पा मारत पुढे सरकायचं, अशी यांची पद्धत. या प्रकाराला ब्रेस्टस्ट्रोक म्हणतात आणि जगात त्याच्या शर्यती होतात, हे आम्हांला कळलं तेव्हा यांची सत्तरी उलटली होती. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

यांची नोकरी म्हणजे आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडणं. काम संपलं की धक्क्याच्या पायऱ्यांवर सदरा काढायचा आणि पाण्यात उतरायचं. तरणी पोरं सपासप हात मारत पुढे निघून जात. हे त्यांना मागून ओरडत, "कशाला मारताय पाण्याला? त्यानं काय केलंय तुमचं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की भाकरी थापताना मला परातीची माफी मागावीशी वाटे. पाय आखडून मागे झटकायचे, हात पुढे लांब करायचे आणि मग क्षणभर नुसतं पडून राहायचं. त्या पडून राहण्याचा यांना केवढा अभिमान! "सगळी कला ह्याच्यातच हाय," म्हणायचे. घरातही ती कला मी रोज बघत होते.

तुम्ही विचाराल, मग अशा माणसाशी लग्न केलंस कशाला? केलं, कारण अठरा वर्षांची मी ठार मूर्ख होते. माझं माहेर आतल्या बाजूचं, भातशेतीचं. पाणी बघितलेलं ते लावणीच्या चिखलात, पोटरीपर्यंत. दिघीला मावशीकडे निघाले होते, तर लाँचमधून माझी नवी छत्री खाडीत पडली. या गृहस्थांच्या हाताशी लांब आकडीची काठी होती. जागचं न हलता छत्री ओढता आली असती. पण नाही. सदरा काढला, त्याची घडी केली, ती माझ्याच मांडीवर ठेवली आणि मारली उडी. परत आले ते छत्रीची मूठ गळ्यात अडकवून, डोकं वर, भांग शाबूत. वर मला म्हणतात, "उघडून बघा, भिजली न्हाय ना?" खाडीतून काढलेली छत्री! आणि मी बावळट काय म्हणाले? म्हणाले, "नाही हो, अगदी कोरडी आहे." तिथेच माझा निकाल लागला. पुढे सासूबाईंनी सांगितलं की त्या मोसमात अशा बऱ्याच छत्र्या आणि चपला वाचल्या होत्या. हुरळून गेलेली तेवढी मीच.

यांचा आणखी एक हट्ट होता. पोहत येऊन होडीला हात लावायचा तर एकच लावायचा. लहान होडीच्या कडेला कुणी दोन्ही हातांनी लोंबकळलं तर ती कलंडते, म्हणून खाडीवरच्या प्रत्येक पोराला हे बजावलेलं असतं. दोन हातांनी होडी पकडणारा म्हणजे घाबरलेला, गटांगळ्या खाल्लेला. त्याला लोक वर ओढून घेतात आणि मग महिनाभर हसतात. यांचे शेजारी पांडू तांडेल, मासेमारीच्या बोटीवर उभा जन्म काढलेले, ते तर एखाद्या लग्नाळू मुलाची चौकशी करतानाही विचारायचे, "होडी कशी धरतो?" आमचे हे एका हाताचे. एक हात होडीवर, दुसरा पाण्यात सावकाश फिरवत, चेहरा असा की होडीच यांच्या आधाराने उभी आहे.

तर आमचा प्रकाश, उरणला कंटेनरच्या कामात आहे, तो एका रविवारी घरी आला आणि मोबाइल दाखवून म्हणाला, "बाबा, म्हाताऱ्यांची वर्ल्ड लेव्हल स्पर्धा आहे. सत्तर प्लस, पुरुष, ब्रेस्टस्ट्रोक. एन्ट्री ओपन आहे, नाव टाकू?"

मी म्हटलं, "ओपन म्हणजे?"

"म्हणजे कुणीही जाऊ शकतं गं."

"कुणीही जाऊ शकतं तिथे जाऊन काय मिळवायचं?"

पण हे तोवर आरशासमोर जाऊन भांग पाडत होते. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर सगळ्यांना कळलं की हे इंटरनॅशनलला निघाले. तेव्हापासून यांचं नावच इंटरनॅशनल पडलं. भाजीवालीसुद्धा म्हणायची, "इंटरनॅशनलना शेवग्याच्या शेंगा चालतील का?"

सरावाला मुरुडच्या एका हॉटेलातला तलाव मिळाला. हे त्याला टाकी म्हणत. पहिल्या दिवशी बाहेर आले ते नाक मुरडून. "मेलेलं पाणी हाय. ना भरती, ना ओहोटी. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हे गोडं खाली सोडतं." आणि मग प्रकाशने नियम वाचून दाखवला: शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. एक लागला तर बाद.

हे हसले. त्यांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

झालं, मी प्रशिक्षक झाले. घरातल्या घरात यांना दोन हातांची सवय लावायची. ओट्याला हात लावायचा तर दोन्ही, दाराला दोन्ही, फ्रिजला दोन्ही. हे ताठ उभे राहून फ्रिजवर दोन तळवे टेकवायचे, तेव्हा एकदा पाणी मागायला आलेली शेजारीण दारातूनच मागे फिरली. म्हणाली, "पूजा चाललीय वाटतं." घरातल्या कोरड्या भिंतींना हे निमूट दोन हात लावत. पण टाकीत उतरले की एकच. मी काठावरून ओरडायची, "अहो, दुसरा!" हे म्हणायचे, "आठवणीत हाय माझ्या." आठवणीत होतं, हातात नव्हतं.

स्पर्धेचा परदेशातला तलाव केवढा, आणि त्याच्या कडेला जगभरचे म्हातारे! सगळ्यांची पोटं पुढे, पाय काटक्या, डोक्यावर रबरी टोप्या. आमच्या यांनी टोपीखालीही भांग पाडला होता. आठ जण ठोकळ्यांवर उभे राहिले. यांनी शेजारच्या लाल गोऱ्या आजोबांना मराठीत सांगितलं, "चला, सरका पुढं," आणि भोंगा झाला.

एकच लांबी जायचं होतं, पन्नास मीटर. बाकी सातांची डोकी वर-खाली, वर-खाली. आमच्या यांचं वरच, आणि इकडेतिकडे बघत, जसं काही पंगतीत कोण कोण आलंय ते बघतायत. डोकं सारखं वर ठेवायला नियमाची हरकत नव्हती, ते आम्ही विचारून घेतलं होतं. आणि खरं सांगते, वाईट नव्हते पोहत. दोघेतिघे तरी यांच्या मागे होते. मी गॅलरीत उभी राहिले आणि गळा फाडून ओरडले, "दोन हात! अहो, दोन हात!" गॅलरीतल्या साऱ्या जगाने माझ्याकडे वळून बघितलं. भिंत जवळ आली. यांनी शेवटचं ते पडून राहणं केलं, ऐटीत. आणि भिंतीवर एक हात ठेवला. उजवा. डावा पाण्यात सावकाश फिरत होता.

काठावरच्या पंच बाईंनी हात वर केला. बाद केल्याची ती खूण. यांना वाटलं, शाबासकी. यांनीही हात वर करून दाखवला.

प्रकाशने समजावल्यावर हे त्या बाईंकडे गेले, अंगावरून पाणी ठिबकतंय तसेच. म्हणाले, "हिला इच्यार, मी काय बुडत होतो का, दोन हातांनी धरायला?" प्रकाशने जसंच्या तसं इंग्रजीत विचारलं. त्या बाईंचा चेहरा एकदम काळजीचा झाला. डॉक्टर बोलवू का, म्हणाल्या.

परतीच्या विमानात यांनी भांगसुद्धा पाडला नाही. म्हणाले, "धक्क्यावर काय सांगायचं गं?"

"खरं सांगा."

"पाचवा आलो म्हटलं तर?"

"म्हणा की. मी कशाला बोलतेय?" आणि मी खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. मला दिसत होतं, हे खोटं बोलणार आणि मरेपर्यंत माझ्या मुठीत राहणार. मीठ जास्त झालं म्हणाले की मी नुसतं म्हणायचं, "पाचवे ना तुम्ही?"

पण गाडी धक्क्याशी आली तर तिथे भला मोठा फ्लेक्स. यांचा लाँचवरच्या जमान्यातला फोटो, मागे निळं पाणी, खाली यांचं नाव आणि त्याच्यापुढे हे एवढं: "आगरदांड्याचे सुपुत्र, इंटरनॅशनल जलतरणपटू, डी एस क्यू, यांचे हार्दिक अभिनंदन!" मंडळाचा अध्यक्ष संतोष हार घेऊन पुढे आला. "काका, मोबाइलवर रिझल्ट बघितला. बाकीच्यांना नुसते नंबर. आख्ख्या लिस्टमध्ये अक्षरं फक्त तुम्हांला!"

मी प्रकाशकडे बघितलं. प्रकाश बॅगा उतरवायला गेला. डी एस क्यू म्हणजे डिसक्वालिफाय, बाद, हे त्याने आम्हांला तिथेच सांगितलं होतं. आता यांना खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसलं की पुरे होतं. हे हार घालून घेऊन गप्प बसले.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सत्कार. शाल झाली, नारळ झाला. संतोष माइकवर म्हणाला की ही पदवी परदेशातसुद्धा सहसा कुणाला देत नाहीत. टाळ्या. मी पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून, मजा बघत. हे बोलायला उठले. माइक धरला, सोडला, पुन्हा धरला.

"मंडळी," म्हणाले, "ही पदवी न्हाय. ह्याचा अर्थ बाद. मला बाद केला. भिंतीला दोन हात लावायचे व्हते, मी एक लावला. मंडळाचा फ्लेक्स फुकट गेला, त्याची माफी मागतो."

संतोषने शालीकडे अशा नजरेने बघितलं, जणू ती परत घ्यायची की काय. तेवढ्यात मागून पांडू तांडेल काठीवर उभे राहिले.

"एक हात लावला म्हणून बाद?"

"व्हय."

"बुडत व्हतास काय रं?"

"न्हाय, दादा."

"मंग त्या लोकान्ला कुणी शिकवलं न्हाय, तं तुझा काय दोष? पेढे वाटा रं!"

आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की पहिल्या टाळ्या फिक्या पडल्या. माझी फार निराशा झाली. उरलेला जन्म पुरेल एवढं टोमण्यांचं सामान या माणसाने भर सभेत वाटून टाकलं. घरी येताना म्हटलं, "काय गरज होती?" तर म्हणतात, "तू समोर बसली व्हतीस ना. मला पदवी म्हणवेना." अठरा वर्षांची असते तर विरघळले असते. आता मी नुसतं "चला, ऊन लागतंय" म्हटलं आणि पदर सारखा केला.

त्यानंतर यांना धरबंध राहिला नाही. बाद कसा झालो, याची गोष्ट धक्क्यावर येईल त्याला सांगत. सांगता सांगता पंच बाई उंच होत गेल्या आणि तलाव लांब.

गेल्या थंडीच्या आधीच्या थंडीत हे गेले. छातीत पाणी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं तर मला खुणेने जवळ बोलावून म्हणाले, "खारं का गोडं, इच्यार." त्यांना वाटलं मी हसेन. नाही हसले. तेवढी एक त्यांची जिरवली, आणि अजून ती मला पचलेली नाही.

मंडळाने धक्क्यावर श्रद्धांजलीचा फलक लावायचं ठरवलं. संतोष दारात येऊन उभा राहिला. "काकी, नावापुढं ती अक्षरं लिहू का नको? आता सगळ्यांना म्हायती हाय अर्थ."

मी म्हटलं, "लिही. मोठी लिही."

दिघीच्या फेरीतून उतरणारे पाहुणे तो फलक वाचतात. परवा एक चांगली शिकलेली बाई तिथे थांबली आणि मी बाकावर बसले होते, मला विचारलं, "आजी, डी एस क्यू म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "मोठी पदवी आहे. सगळ्या जगाचे लोक आले होते पोहायला. आठ जणांत ती एकट्यालाच मिळाली."

खोटं काय आहे त्यात?