केसभर लहान झाकणं

तात्या गेल्याचं त्यांच्या सुनेनं, सुनीतानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. काचपट्टीवर वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब निवत होता आणि त्यात बारीक गोल फुलं उमलत होती. फोन ठेवला, तरी मी उठले नाही... तेवढं पुरतं बघून घ्यावंसं वाटलं. थांबायला मला तात्यांनीच शिकवलं होतं.

पदवी घेऊन मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले, तेव्हा तात्या तिथे साच्याच्या यंत्रावर होते. उंब्रजचे, फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून ड्यूटीवर. आम्ही बरण्यांची झाकणं काढायचो. तात्यांची एक खोड होती. साच्यातून निघालेली झाकणं ते गोणपाटावर पसरत आणि दोन दिवस कुणाला मापू देत नसत. "निजू द्या त्यास्नी. आजून बसत्यात ती," म्हणायचे. मी मनात हसायचे. नवी पदवी, दुसरं काय! खरं तर पुस्तकातही हेच होतं. प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्या निवताना घड्या घालून रांगेत बसतात. सावकाश निवलं तर नीट बसतात. घाई केली तर बऱ्याचशा अस्ताव्यस्त राहतात आणि मग कित्येक दिवस जागा शोधत वस्तू आक्रसवत राहतात. परीक्षेत हे उत्तर लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. कारखान्यात मात्र विसरले.

पहिलीच मोठी ऑर्डर. घाई झाली म्हणून मी साच्याचं गार पाणी वाढवून निवण्याचा वेळ निम्म्यावर आणला. तात्या नको नको म्हणत होते. झाकणं चकचकीत निघाली, त्याच संध्याकाळी मापात बसली, रवाना झाली आणि पंधरवड्यात सगळी परत आली. केसभर लहान झाली होती. बरणीवर दाबली की टुणकन उडायची. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वेळ कुणी कमी केला?" तात्या सावधानमध्ये पुढे झाले. "यंत्र माझ्या हातात हुतं, सायेब." त्यांना यंत्रावरून काढून वर्षभर गोदामात टाकलं. नोकरी जाईल या भीतीनं मी गप्प राहिले. आज हे लिहितानाही लाज वाटते.

पुढे मी स्वतःची प्रयोगशाळा काढली. गेल्या दिवाळीनंतर तात्यांना मुद्दाम सांगलीला बोलावलं, कारण "आत काय चालतंय ते दाव की एकदा" हे त्यांचं जुनं मागणं होतं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंब निवू लागला. "आयला... शेवंतीच की गं ही! गुळावानी हाय बघ. एक कण बसला, की बाकीचं त्येच्या कडंनं येऊन बसत्यात." तेवढ्यात मी धीर केला. "तात्या, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." त्यांनी डोळा काढला नाही. "थांब पोरी," म्हणाले, "आजून बसतंय..." मग चहा झाला, गाडीची वेळ झाली आणि ते गेले. माझं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही, तेच मला कळलं नाही. ती आमची शेवटची भेट.

तेरावा उलटल्यावर काही दिवसांनी उंब्रजला गेले. सुनीतानं चहाला आधण ठेवलं. फळीवर काचेच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. हळद, जिरं, शेंगदाणे, साखर. आणि प्रत्येकीवर लाल झाकण. मी ओळखलंच.

"ही कुठनं आली गं?"

"मामांनी गोदामातनं आणली हुती, मालकास्नी इचारून. बरणीवर बसंनात, तर साताऱ्यातली दुकानं पालथी घालून ह्या मापाच्या बाटल्या हुडकल्या. म्हनायचे, पोरीचं पयलं काम हाय, टाकायचं न्हाई."

ऐकलं होतं की नाही, याची मला आता फिकीर उरली नाही. साखर घेऊन मी बाटलीवर झाकण दाबलं. टक् करून बसलं.