गाभाऱ्यातली जळमटं

वडील मैंदर्गीच्या एका देवळात पुजारी आणि मी सोलापुरात शाळेवर. त्यांना कित्येक वर्षांची साखर. गोळ्या वेळेवर, चहा फिका, लग्नात जिलबी पुढे आली की लांबूनच हात जोडायचे. देवळात आलेला पेढा, शिरा, केळं मात्र बिनदिक्कत. मी चिडले की त्यांचं ठरलेलं उत्तर, प्रसाद म्हणजे काय खाणं असतं व्हय? आईलाही हे मान्य होतं, सगळ्या गावाला होतं. देवाशी वाद कोण घालणार?

गेल्या वर्षी त्यांना गाभाऱ्यात जळमटं दिसायला लागली. नीट झाडत नाही म्हणून आईवर चिडचिड सुरू झाली. बिचारीने काठीला झाडू बांधून छत झाडलं, काजळीशिवाय काही निघालं नाही. मग ते माझ्याकडे राहायला आले, तर माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतींवरही जळमटं! मला रागच आला. पण नजर वळवली की तीही सरकतात असं ते म्हणाले, आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. साखरेने पडद्याच्या जुन्या रक्तवाहिन्या निकामी झाल्या, रक्त पुरेना म्हणून नव्या उगवल्या. त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि आत सांडलेलं रक्तच त्यांना जळमटांसारखं दिसत होतं.

"नवीन फुटायलंय म्हंजी चांगलंच की," वडील म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. उजव्या डोळ्याला फार उशीर झाला होता. डाव्याला लेसर केलं, इंजेक्शनं दिली, पण वाचेलच असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही.

त्यांनी प्रसाद सोडला. हातात घेतात, कपाळाला लावतात, परत ठेवतात. मला हायसं वाटायला हवं होतं, पण एवढा हट्टी माणूस इतक्या मुकाट्याने ऐकतो हे बघवत नाही. देवाचं तोंड दिसत राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

परवा मी गावी गेले. आरतीत त्यांनी निरांजन मूर्तीच्या तोंडाजवळ नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. घंटा थांबली, लोक तीर्थासाठी ओळीत उभे राहिले, तरी हात खाली येईना. मी उंबऱ्यापाशी गेले. डाव्या डोळ्यातही रक्त उतरलंय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं; त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तोंड दिसतंय का गं देवाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग नीट बघ. माझ्या वाटचं बी बघ."