मामांचा आवाज भाड्यानं मिळनार न्हाई

मामा गेल्याचा निरोप त्यांचा शेजारी सायकलवर घेऊन आला, तवा आमच्या लोखंडाच्या दुकानात काय झालं म्हनता? शटर खाली आलं? न्हाई. धाकटे शेठ काचेच्या केबिनमधनं बाहेर आले आन म्हनले, "हे बघा, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना कुणी काही बोलायचं नाही. विचारलं तर मामांची तब्येत बरी नाही, येतील, एवढंच सांगायचं." मानूस तिकडं घरात झाकून ठेवलेला... आन दुकानात मात्र ते येनार हुते.

म्हनून हे लिहितोय. रडायला न्हाई. शेठचं नाव मी टाकत न्हाई, पन नगरात लोखंड घेनारा परत्येक जन वाचून ओळखंल. ओळखावंच.

मामा म्हंजे दुकानाचा फोन. सळई, अँगल, पत्रा, काय बी लागू द्या, राहात्यापासून श्रीगोंद्यापर्यंतचे वर्कशॉपवाले फोन करायचे, आन मालाच्या आधी मामांच्या शिव्या खायचे. निम्म्यांनी त्यांचं तोंडसुदा बघितलं नव्हतं. राहात्याचे आबा ग्रिलं आन ट्रॉल्या करतात. त्यांना मामा म्हनायचे, "आबा, मागच्या खेपेचा अँगल तुमच्या दारात गंजतोय की. आता नवा कशाला? लेकीच्या लग्नात वाजवायचाय?" आबा खो खो हसायचे आन दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी पलीकडं बिलं करायचो, आन जेवनाच्या सुट्टीत मामांची नक्कल. एकदा ते मागंच उभे. म्हनले, "काढतोस तर काढ माझा आवाज, पन शिवी पुरी दे. अर्ध्या शिवीचा लोकांना राग येतो."

मग कॉम्प्युटर आला, अख्ख्या मार्केटात पहिला. त्याला काचेची केबिन, एसी, आन आत जायचं तर चपला भाईर. नारळ मामांनीच फोडला. पुढं कित्येक दिवस धाकटे शेठ त्यांना शेजारी बसवून इचारायचे, कोन काय माल नेतो, कुनाचं काम कवा निघतं... मामा हौसेनं सांगायचे, शेठ टाईप करायचे. सगळं आत गेल्यावर एका सकाळी फोन बी केबिनमधी गेला. मामांना गोडाऊनच्या फाटकाजवळ स्टूल दिलं. पत्र्याखाली, उन्हात. गिऱ्हाइकांना सांगितलं, मामा मशीनला घाबरले. घाबरले? ज्यांनी नारळ फोडला ते? उन्हाळाभर ते तिथं बसले, मग अंथरुनाला लागले, आन मग तो सायकलवाला आला.

इकडं केबिनमधी गिऱ्हाईक अँगल मागायचं, आन शेठ म्हनायचे, "होल्ड करा हं, सिस्टीममध्ये बघतो." गिऱ्हाईक म्हनायचं, "तुमी बघत बसा, मामा आले की सांगा." हळूहळू फोन कमी झाले. तवा शेठला माझी आठवन आली.

"ये, चपला काढ. राहात्याचा फोन आहे. तू मामांचा आवाज काढतोस ना? दोन मिनिटं बोल, ऑर्डर घे."

मी चपला काढल्या न्हाईत. फोन घेतला.

"मामा? बरं वाटतंय का आता?" आबा म्हनले.

मी मामांच्याच आवाजात बोललो, "आबा, मी गेलो की ओ."

"कुठं गेला?"

"अमरधामात. लोकं जाळून बी आली मला. तुमाला कळवलं न्हाई ह्या भाड्यांनी, अँगल खपायचा हुता म्हनून."

शिवी पुरी दिली. आबा हळूच म्हनले, "कोन बोलतंय रे?" तवा माझ्या आवाजात सगळं सांगितलं. स्टूल, ऊन, सगळं. शेठ वायर वढायला धावले, पन सांगून झालं हुतं. माझी नोकरी त्याच दुपारी गेली. आन आबांनी श्रीगोंद्यापर्यंत सगळ्यांना कळवलं. आता त्या कॉम्प्युटरमधी सगळी गिऱ्हाइकं हायेत, नाव-गावासकट. फक्त दुकानात येत न्हाईत.

गेल्या आठवड्यात आबा टेम्पो घेऊन मामांच्या घरी आले. भाईरच्या खोलीत बसले, चहा घेतला, आन मला म्हनले, "एकदा बोल ना रे त्याच्यावानी." मी मामीकडं बघितलं.

"हितं नको," मामी म्हनल्या. "हितं मला ते ऐकू येत्यात. जा, त्या धाकट्याच्या कानात बोल."

तवापासून रोज सकाळी मी स्टँडवरच्या फोनच्या डब्यात रुपया टाकून दुकानाचा नंबर फिरवतो. धाकटे शेठच उचलतात, दुसरं हाय कोन? बोलायच्या आधी मामा घसा खाकरायचे, दोनदा बारीक आन मग एकदा जोरात. मी तेवढंच करतो.

शेठ फोन ठेवत न्हाईत. ऐकत ऱ्हातात... मी ठेवतो.