बांधलेली पत्ती

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. म्हणाल्या, “बाबूजी, ओव्हरी का कैंसर है. पेट में फैल चुका है. पहले क्यों नहीं लाए?”

ओव्हरी म्हणजे बाईचं अंडाशय. आधी का नाही आणलं, याचं उत्तर होतं माझ्याकडे.

माझी बायको सुशीला आठ महिने सांगत होती, पोट फुगतं, दोन घासांत भरतं. मी म्हणायचो, गॅस आहे, अजवाइन खा. दवाखान्याचं नाव काढलं की मी चिडायचो.

मग पोटातलं पाणी काढायला तिला भरती करावं लागलं. तिथे शहराजवळच्या सिमरोलच्या कॉलेजातली एक मुलगी आली, मूळ नागपूरची, म्हणून मराठी बोलणारी. संशोधनासाठी रक्त पाहिजे होतं. सुशीला हो म्हणाली. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

“हिला काय फायदा?”

“यांना नाही, आजोबा. खोटं नाही बोलणार. झालाच तर पुढच्या बायकांना.”

“मग चल, रस्ता पकड.”

सुशीला पडल्यापडल्या म्हणाली, “अहो, सुई मला टोचणार. तुम्ही कशाला ओरडता?”

मुलगी स्टूल ओढून बसली. “बायोमार्कर म्हणजे रक्तातली आजाराची खूण. सुरुवातीला ती इतकी थोडी असते की हाती लागत नाही. आम्ही डीएनएचे बारीक धागे घडी घालून ठेवतो. खूण चिकटली की घडी उघडते, धागा चमकतो.”

मी चौथी शिकलेला, पण हे मला समजलं. कापड मिलमध्ये मी लूम चालवायचो. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, एकेका धाग्यावर लोखंडी पत्ती लटकते. धागा तुटला की पत्ती पडते, लूम थांबते. थांबली की माल कमी निघतो, म्हणून आम्ही हुशार लोक पत्त्या सुतळीने बांधून टाकायचो. लूम चालायची. तपासणीत कापडातली फट दिसायची तोवर थानच्या थान वाया गेलेलं असायचं.

सुशीलेची पत्ती आठ महिने पडत होती. मी बांधत होतो.

सही केली. सुशीला मुलीला म्हणाली, “बघ, पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकलं यांनी.”

महिन्याभरात सुशीला गेली.

रक्तातली खूण पकडणारं त्या मुलीचं यंत्र अजून तयार नाही. कधी पकडतं, कधी चुकतं, असं तिनेच सांगितलं. खरं बोलली, तिचे उपकार मानतो. पण तुम्ही यंत्राची वाट बघू नका. घरातली बाई पोटाचं गाऱ्हाणं पुन्हापुन्हा सांगत असेल तर ऐका.

परवा सुनेने ताट सारलं. म्हणाली, “बाबा, चार दिवस झाले, पोट जड वाटतंय.” माझा हात सवयीने अजवाइनच्या डब्याकडे गेला. डबा जागेवरच राहू दिला आणि चपला घातल्या.